गूगल सर्च कन्सोल : क्रमवारी हलते तेव्हा हाताशी असावे असे साधन

गूगलने क्रमवारी ठरवण्याच्या पद्धतीत मोठा बदल केला की संकेतस्थळे चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न येतो तो ‘तुमचंही ट्रॅफिक पडलं का?’ हा, आणि दुसऱ्या दिवसापासून उपायांचा पाऊस सुरू होतो. कोणी जुने लेख काढून टाकायला सांगतो, कोणी मथळे बदलायला, तर कोणी बाहेरून येणाऱ्या लिंक नाकारायला. मराठी पाककृती आणि सणवार या विषयांवरच्या एका संकेतस्थळाची तांत्रिक बाजू मी सांभाळतो आणि अशा प्रत्येक फेरबदलात सर्वांत आधी उघडतो ते गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपले संकेतस्थळ गूगलच्या शोधनिकालांत कसे दिसते हे मालकाला दाखवणारे गूगलचेच साधन. हे परीक्षण त्याच साधनाचे आहे आणि त्याची कसोटीही एकच आहे : क्रमवारी बदलली असता ते संकेतस्थळाच्या मालकाला नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही. माझे मत आधीच नोंदवतो. काय बदलले आणि केव्हा बदलले, याचा याहून भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. का बदलले, हे मात्र ते सांगत नाही. आणि मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत तर ‘केव्हा’चे उत्तरही पंचांग शेजारी ठेवूनच वाचावे लागते.

हे साधन विनामूल्य आहे. मे २०१५ पर्यंत त्याचे नाव ‘वेबमास्टर टूल्स’ असे होते. जानेवारी २०१८ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, तेव्हाची सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे आधी फक्त ९० दिवसांची दिसणारी आकडेवारी १६ महिन्यांची दिसू लागली. ज्यांनी २०११ मधला ‘पांडा’ किंवा २०१२ मधला ‘पेंग्विन’ हा क्रमवारीतला फेरबदल सोसला, त्यांना या सुधारणेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या पांडाने अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर परिणाम केल्याचे गूगलने स्वतः जाहीर केले होते, आणि एप्रिल २०१२ मधल्या पेंग्विनने विकत घेतलेल्या वा कृत्रिमरीत्या उभारलेल्या लिंकांवर जगणारी संकेतस्थळे खाली ढकलली. त्या काळात आपली घसरण तपासायची तर मालकाकडे जेमतेम एका तिमाहीचा पुरावा असे.

प्रादेशिक भाषांना या बदलांपासून आडोसा आहे, असा समज आजही पुष्कळांचा आहे. तो आता सोडून द्यायला हवा. वाचकाला खरोखर उपयोगी पडणारा मजकूर वर आणण्यासाठी ऑगस्ट २०२२ मध्ये जी यंत्रणा आली, ती आधी इंग्रजीपुरती होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती सर्व भाषांना लागू झाली आणि मार्च २०२४ च्या अपडेटमध्ये ती मुख्य क्रमवारी यंत्रणेतच मिसळून गेली. तो अपडेट ५ मार्चपासून १९ एप्रिलपर्यंत, म्हणजे तब्बल ४५ दिवस चालला. अशा वेळी रोजचा आलेख पाहून रोज निर्णय घेणारा माणूस संकेतस्थळाचे नुकसान स्वतःच्या हातानेच करतो.

सर्च कन्सोलचा गाभा म्हणजे ‘परफॉर्मन्स’ अहवाल. क्लिक, इम्प्रेशन (पान निकालांत किती वेळा दिसले), क्लिकचे प्रमाण आणि सरासरी स्थान असे चार आकडे त्यात दिसतात, आणि शोधशब्द, पान, देश, उपकरण व दिनांक यांनुसार ते गाळून पाहता येतात. हा अहवाल कसा वापरावा याबद्दल गूगलचे स्वतःचे मार्गदर्शन पुरेसे स्पष्ट आहे : कोअर अपडेट (मुख्य क्रमवारी यंत्रणेतला मोठा फेरबदल) पूर्ण झाल्यावर किमान एक आठवडा थांबावे आणि मग अपडेट सुरू होण्याआधीचा आठवडा व संपल्यानंतरचा आठवडा यांची तुलना करावी. अपडेट कधी सुरू झाला आणि कधी संपला, हे गूगलच्या ‘सर्च स्टेटस डॅशबोर्ड’ या स्वतंत्र पानावर नोंदलेले असते. दुसऱ्या स्थानावरून चौथ्यावर येणे ही किरकोळ घसरण समजावी आणि तेवढ्यासाठी मोठी उलथापालथ करू नये. चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर जाणे ही मोठी घसरण समजून संपूर्ण संकेतस्थळाकडे नव्याने पाहावे, असेही तिथे उदाहरणासह सांगितले आहे. ही पद्धत मला मनापासून पटते. घाबरलेल्या माणसाला ती थांबायला लावते, आणि अपडेटच्या दिवसांत थांबणे हेच सर्वांत अवघड असते.

परंतु ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते : आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा एकमेकांसारखे असतात. मराठी वाचकांचे आठवडे तसे नसतात. उपयोगी मजकुराच्या त्या यंत्रणेचा सप्टेंबर २०२३ मधला बहुचर्चित अपडेट १४ तारखेला सुरू झाला आणि २८ तारखेला संपला. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशी नेमकी २८ सप्टेंबरला. उकडीचे मोदक, पंचखाद्य, ऋषीची भाजी अशा पानांवर वाचकांची रीघ लागली ती अपडेट चालू असताना, आणि ती ओसरली ती अपडेट ज्या दिवशी संपला त्याच दिवशी. सर्च कन्सोलवर दोन आठवड्यांची तुलना मांडली की चित्र दिसते ते असे, की आधीच्या आठवड्यात गणपतीच्या तयारीचा चढ आहे आणि नंतरच्या आठवड्यात पितृपक्षाची शांतता. ती घसरण अल्गोरिदमची की विसर्जनाची, हे तो आलेख सांगू शकत नाही.

हा योगायोग एकट्या २०२३ पुरता असता तर त्यावर इतके लिहिले नसते. २०२४ चा ऑगस्ट कोअर अपडेट ३ सप्टेंबरला संपला आणि ७ सप्टेंबरला गणपती बसले. २०२५ चा स्पॅम अपडेट (फसव्या मार्गांनी वर आलेली पाने खाली ढकलणारा) २६ ऑगस्टला सुरू झाला, दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती, आणि तो २२ सप्टेंबरपर्यंत चालला. त्याच वर्षी मार्चचा कोअर अपडेट १३ तारखेला, म्हणजे होळीच्या दिवशी सुरू झाला, आणि पुरणपोळीचे पान वर्षात कधी चढते हे कुठल्याही मराठी पाककृतीवाल्याला विचारावे. जूनअखेर सुरू झालेल्या अपडेटच्या काळात ६ जुलैची आषाढी एकादशी येऊन गेली आणि साबुदाण्याच्या खिचडीचा आलेख आकाशाला भिडून खाली आला. गूगलच्या वेळापत्रकात आपले सण नसतात; ते आपणच त्यावर बसवून पाहायला हवेत.

यावर सर्च कन्सोलमध्येच जो मार्ग निघतो तो सांगतो, कारण माझ्या मते या साधनाची खरी ताकद तिथे दिसते. पानांच्या गाळणीत रेगेक्सची (अक्षरांचा नमुना देऊन शोधण्याच्या पद्धतीची) सोय एप्रिल २०२१ मध्ये आली आणि ‘या नमुन्याशी न जुळणारी पाने’ असाही पर्याय त्यात आहे. त्याने सणांशी आणि उपवासांशी जोडलेली सगळी पाने बाजूला काढावीत आणि जी बारमाही आहेत, म्हणजे थालीपीठ, पिठले, भरली वांगी, आमटी अशी, तेवढ्यांचीच तुलना करावी. बारमाही पानांचे सरासरी स्थान जागेवर असेल आणि फक्त मोदकाचे क्लिक उतरले असतील, तर संकेतस्थळाला काहीही झालेले नाही. पिठल्याचे पान तिसऱ्या स्थानावरून पंधराव्यावर गेले असेल, तर मात्र पंचांगाकडे बोट दाखवता येणार नाही. वर्षागणिक तुलना करतानाही इंग्रजी तारखा न धरता सणाची तिथी धरून दिवस निवडावेत. २०२४ चा ७ सप्टेंबर आणि २०२५ चा २७ ऑगस्ट हे दोन दिवस समोरासमोर ठेवले तरच काही अर्थ निघतो. तारखा हाताने निवडून दोन वेगवेगळ्या कालखंडांची तुलना करण्याची मुभा इथे आहे, ही जमेची बाजू.

आणखी एक बाब फार कमी लोकांच्या लक्षात येते. या अहवालातला दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाप्रमाणे मोजला जातो. तिथली मध्यरात्र म्हणजे उन्हाळी वेळेत आपल्याकडचे दुपारचे साडेबारा. चतुर्थीच्या सकाळी सहा वाजता उकड काढताना ज्या गृहिणीने पिठाचे प्रमाण शोधले, तिचा तो शोध अहवालात आदल्या दिवशीच्या रकान्यात पडतो. मासिक बेरजेत याने फरक पडत नाही, पण अपडेट नेमका कोणत्या दिवशी लागला याचा माग काढू पाहणाऱ्याला हा अर्ध्या दिवसाचा सरकाव चांगलाच चकवतो. आता गेल्या २४ तासांचे दृश्य स्थानिक वेळेनुसार तासागणिक पाहता येते, त्यामुळे ताज्या दिवसापुरती ही अडचण सुटली आहे.

शोधशब्दांच्या रकान्यात मराठी संकेतस्थळाला दोन वेगळ्या अडचणी भेटतात. आपला वाचक एकाच पदार्थाचा शोध देवनागरीत घेतो, रोमन लिपीत घेतो आणि अनेकदा ‘रेसिपी इन मराठी’ हे शब्दही रोमनमध्येच जोडतो. क्रमवारी हलते तेव्हा या दोन्ही लिपींतली हालचाल सारखी असेलच असे नाही, म्हणून त्यांचे आकडे वेगळे काढून पाहणे आवश्यक ठरते. रेगेक्सने देवनागरी अक्षरे असलेले आणि नसलेले शोध वेगळे करता येतात, आणि मी प्रत्येक वेळी हेच पहिले विभाजन करतो. देवनागरी शोध स्थिर राहून रोमन शोधांतले स्थान घसरले असेल, तर स्पर्धा हिंदी व इंग्रजी संकेतस्थळांशी आहे, असा निष्कर्ष पुष्कळदा निघतो आणि त्यावरचा उपायही वेगळा असतो.

दुसरी अडचण अधिक बारीक आहे. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातला र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो : काही कीबोर्ड नुक्ता असलेला र वापरतात, काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण गाळणीत एक प्रकार लिहिला तर दुसऱ्या प्रकारे टंकलेले शोध निसटू शकतात. ‘भाकऱ्या’, ‘पुऱ्या’, ‘कैऱ्या’ असे शब्द ज्यांच्या संकेतस्थळावर आहेत, त्यांनी रेगेक्समध्ये उभ्या रेघेने दोन्ही रूपे लिहावीत. असे न करता ‘पुऱ्यांचे शोध निम्मे झाले’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

आता उणिवांकडे येतो. १६ महिने ही मर्यादा २०१८ मध्ये मोठी वाटली होती. आज ती अपुरी आहे. एखाद्या सणाची तीन वर्षांची तुलना, जी मराठी संकेतस्थळाला खरी दिशा देऊ शकते, या साधनात करताच येत नाही. कोष्टकात एका वेळी जास्तीत जास्त १,००० ओळी दिसतात आणि उतरवूनही तेवढ्याच मिळतात. शिवाय जे शोध फार थोड्या लोकांनी केले आहेत, ते वाचकांच्या खासगीपणासाठी कोष्टकातून वगळले जातात. त्यांचे क्लिक एकूण बेरजेत असतात, पण शोधशब्द दिसत नाहीत. खासगीपणाचे हे कारण रास्तच आहे. परंतु ज्या भाषेत एकच प्रश्न लोक दहा तऱ्हांनी टंकतात, तिथे या नियमाची झळ अधिक बसते, कारण प्रत्येक तऱ्हेमागे मोजकीच माणसे उरतात. शोधशब्दाची गाळणी लावली की वरची बेरीज अचानक घटते ती यामुळेच, आणि ती घट म्हणजे घसरण नव्हे.

यावर उपाय दोन आहेत. फेब्रुवारी २०२३ पासून सर्च कन्सोलची आकडेवारी रोज बिगक्वेरी या गूगलच्या माहितीसाठ्यात आपोआप साठवता येते. ज्याच्याकडे थोडे तांत्रिक ज्ञान आहे त्याने ही सोय आजच सुरू करावी, कारण ती सुरू केल्याच्या दिवसापासूनच साठवते, मागचे काही भरून देत नाही. ज्याला तेवढे जमणार नाही त्याने दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागच्या महिन्याची कोष्टके उतरवून नीट नाव देऊन जपून ठेवावीत. कंटाळवाणे काम आहे, पण तीन वर्षांनी हाताशी जो ठेवा असतो तो कोणत्याही सशुल्क साधनात मिळत नाही.

सरासरी स्थान हा आकडाही सावधपणे वाचावा. नव्या, मागच्या पानांवर दिसणाऱ्या शोधशब्दांची भर पडली की सरासरी खालावते, आणि तरीही क्लिक वाढलेले असू शकतात. उलट प्रकार सप्टेंबर २०२५ मध्ये घडला. एका पानावर शंभर निकाल मागवण्याची जुनी युक्ती गूगलने बंद केली, आणि क्रमवारी तपासणाऱ्या यंत्रांच्या त्या फेऱ्या थांबल्यामुळे असंख्य संकेतस्थळांची डेस्कटॉपवरची इम्प्रेशन एकदम घटली व सरासरी स्थान सुधारल्यासारखे दिसले. त्याच सुमारास स्पॅम अपडेटही चालू होता. ज्यांनी फक्त इम्प्रेशन पाहिली त्यांनी आपल्याला दंड झाला असे मानले. ज्यांनी क्लिक पाहिले त्यांना वाचक जिथल्या तिथे असल्याचे दिसले. फेरबदलाच्या काळात क्लिकवर नजर ठेवावी आणि इम्प्रेशन केवळ संदर्भापुरती धरावीत, हा माझा ठाम सल्ला आहे.

सर्वांत मोठी उणीव मात्र नव्या काळाची आहे. निकालांच्या वर यंत्राने तयार केलेले उत्तर दाखवणारे ‘एआय ओव्हरव्ह्यू’ भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्रजी आणि हिंदीत आले. त्या उत्तरात आपल्या पानाचा दुवा असेल तर त्याची इम्प्रेशन आणि क्लिक सर्वसाधारण वेब शोधाच्या आकड्यांतच मिसळतात. परफॉर्मन्स अहवालात ती वेगळी काढून पाहायला गाळणी नाही. परिणामी स्थान तेच, इम्प्रेशन तेवढीच आणि क्लिक मात्र ओसरलेले, असे चित्र दिसते तेव्हा मालकाला अनुमानावर भागवावे लागते. क्रमवारी घसरणे आणि क्रमवारी टिकूनही वाचक वरच्या वर उत्तर घेऊन निघून जाणे, या दोन सर्वस्वी वेगळ्या आपत्ती आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. त्यांतला भेद थेट दाखवणारा अहवाल देणे गूगलला अशक्य नाही. तो द्यायला हवा.

बाकीच्या अहवालांबद्दल थोडक्यात. ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ हे पान घसरण होताच एकदा पाहावे. तिथे काही नसेल तर गूगलच्या माणसाने हाताने केलेली कारवाई नाही, आणि मग फेरविचाराचा अर्ज करण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण क्रमवारीच्या बाबतीत तो अर्ज फक्त अशा कारवाईसाठी असतो. गूगलने आपली कोणती पाने वाचून (क्रॉल करून) आपल्या सूचीत (इंडेक्समध्ये) घेतली हे सांगणाऱ्या इंडेक्सिंग अहवालात ‘क्रॉल झाले, पण सध्या इंडेक्समध्ये नाही’ या वर्गातली पाने वाढू लागली असतील तर ती गांभीर्याने घ्यावीत. माझ्या अनुभवात मजकूर पातळ झाल्याची खूण अनेकदा इथे आधी दिसते. यूआरएल तपासणीतले ‘इंडेक्सिंगची विनंती’ हे बटण दाबून स्थान वर येत नाही. पानांचा वेग आणि वापरातली सुलभता मोजणारा ‘कोअर वेब व्हायटल्स’ अहवाल क्रोम वापरणाऱ्यांच्या प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेला असल्याने लहान संकेतस्थळांना तिथे बहुधा ‘पुरेशी माहिती नाही’ एवढेच वाचायला मिळते. ज्यांना आकडे दिसतात त्यांनी देवनागरी फाँटच्या फाइलचा आकार जरूर तपासावा, पण वेग सुधारला म्हणून कोअर अपडेटमध्ये गेलेले स्थान परत येईल अशी अपेक्षा धरू नये.

सशुल्क साधनांशी तुलना अटळ आहे. सेमरश आणि एचरेफ्स ही नावे या क्षेत्रातल्या सर्वांना ठाऊक आहेत आणि प्रतिस्पर्धी संकेतस्थळांचे काय झाले हे पाहायला ती उपयोगी पडतात. सर्च कन्सोल फक्त आपलेच घर दाखवते. मात्र त्या साधनांत दिसणारे ट्रॅफिक हे अंदाज असतात. मराठी शोधशब्दांच्या बाबतीत ते अंदाज इतके विरळ असतात, की त्यांवर महिन्याचा खर्च उभा करणे लहान मराठी संकेतस्थळाला परवडणारे नाही. तेवढ्या पैशांत एखाद्या जाणकार लेखिकेकडून चार पाककृती प्रत्यक्ष करवून, स्वतःची छायाचित्रे काढून लिहून घेता येतात.

‘दोन आठवड्यांत क्रमवारी परत आणून देतो’ असे सांगणाऱ्या एजन्सींबद्दल सर्च कन्सोलनेच सावध केले आहे असे म्हणायला हवे, कारण त्यात जे दिसते ते या आश्वासनाच्या विरुद्ध असते. कोअर अपडेटनंतरची सुधारणा दिसायला कित्येक महिने लागू शकतात, कधी पुढचा कोअर अपडेट यावा लागतो, आणि तरीही हमी नसते, असे गूगलचे मार्गदर्शन स्पष्ट सांगते. माझ्या माहितीतल्या एका दुकानदाराला एका एजन्सीने लिंक नाकारण्याची, म्हणजे बाहेरच्या या लिंका आमच्या खात्यात धरू नका असे गूगलला कळवण्याची, लांबलचक यादी तयार करून विकली. वास्तविक २०१६ पासून पेंग्विन मुख्य यंत्रणेत सामील झाला असून निकृष्ट लिंकांमुळे संकेतस्थळाला शिक्षा देण्याऐवजी त्या लिंका बेदखल केल्या जातात, आणि ज्याच्यावर हाताने कारवाई झालेली नाही अशा बहुतेकांना ती यादी लागतच नाही. त्याच एजन्सीने सर्च कन्सोलची मालकी स्वतःच्या खात्यावर ठेवली होती आणि दुकानदाराला फक्त पाहण्यापुरती परवानगी दिली होती.

म्हणून हे साधन वापरायला घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी ‘डोमेन’ प्रकारची नोंदणी करावी, त्यासाठी लागणारी टीएक्सटी नोंद (मालकी सिद्ध करणारी मजकुराची ओळ) डोमेन जिथून घेतले तिथल्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) स्वतःच्या लॉगिनने टाकावी, मालकी स्वतःच्या ईमेलवर ठेवावी आणि विकासकाला वा एजन्सीला ‘पूर्ण वापरकर्ता’ एवढाच अधिकार द्यावा. काम संपले की तो अधिकार त्याच दिवशी काढून घ्यावा.